चूक पकडेल त्याची खुर्ची

रविवार, २ नोव्हेंबर

उत्रोलीला रिटायर्ड सरांच्या घरी इंग्रजीच्या क्लासला दोन महिने झाले. कापूरहोळला तासभर ताटकळले, भोरची ST काही येईना. शेवटी एका ओळखीच्या टेम्पोत बसले. मागे कांद्याची पोती नि मी. उत्रोलीला उतरले तेव्हा साडीला कांद्याचा वास. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, म्हणाल्या, "आगं, बाजार करून आलीस का क्लासला?"

हे सगळं त्या एका मेलच्या कृपेने. मी कंपनीत रबरी वायसर तपासते, रोजचा रिपोर्ट इंग्रजीत पुण्याच्या ऑफिसला पाठवते. लिहायचं होतं, मोठा तडा गेलेला बॉक्स मॅनेजरकडून परत आला. मी 'विथ अ बिग क्रॅक' नेऊन ठेवलं मॅनेजरच्या मागे. मॅनेजरलाच तडा. पुण्याचं अख्खं ऑफिस हसलं. घरी हे अजून रोज जेवताना विचारतात, "आज कुणाला तडा?" आता मीच सांगते, तुम्हाला.

आज हिराची पाळी होती. एसटीसाठी धावताना माझी चप्पल तुटली, हे इंग्रजीत करायचं. तिने केलं, 'रनिंग फॉर द बस, माय चप्पल ब्रोक.' सर म्हणाले, "धावलं कोण? चप्पल?" हिरा इतकी हसली की ठसका लागला. मग सर म्हणाले ते लिहून ठेवते. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटलेला असतो, कुठंही बसवा, कुणाचा कोण ते कळतं. इंग्रजीत तसं नाही. तिथं ज्याच्या शेजारी बसला त्याचा झाला.

क्लासला आम्ही तिघंच. मी, भोरच्या मेडिकल दुकानातला बाळू, आणि वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची हिरा, नर्सिंगला आहे, मावशीकडे राहते. सर फी घेत नाहीत. काकू वर्षभर लग्नपत्रिका जमवतात, सर त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक इंग्रजी शब्द लिहून कापतात. त्या चिठ्ठ्या पाटावर मांडायच्या. उलटी केली की मागे कुणाचा तरी चि. नाहीतर कुणाची तरी चि. सौ. कां. निघते.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

रिपोर्ट गेला. कुणी हसलं नाही. पुण्याहून फक्त 'ओके'. एवढ्या ओकेचा मला केवढा आनंद.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज काहीतरी झालं. कुणाला सांगावं कळत नाही म्हणून इथं.

'ओन्ली' चालू होतं. पाटावर रमा, एट, अ मँगो. ओन्ली रमाच्या आधी ठेवली तर आंबा रमानेच खाल्ला, दुसऱ्या कुणी नाही. मँगोच्या आधी ठेवली तर रमाने आंबाच खाल्ला, दुसरं काही नाही. सर म्हणाले, "रमाने फक्त आंबा खाल्ला," आणि ओन्ली ठेवली रमाच्या आधी. पुढे बोलत राहिले.

सरांची खुर्ची. हा सगळ्या भोरात माहीत असलेला नियम. सरांची चूक जो पकडेल त्याला सर उठून आपली खुर्ची देतात आणि तास संपेपर्यंत स्वतः सतरंजीवर बसतात. पकडणाऱ्याने शिकवायचं, सरांनी शिकायचं. शाळेत असल्यापासूनची रीत. घरी क्लास सुरू केल्यापासून दर वर्षी एक, असे चार जण बसले. त्यांची नावं खुर्चीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली आहेत, बाळूने पहिल्याच दिवशी मला वाकून दाखवली होती.

आज ती खुर्ची माझी होती. बाळूकडे बघितलं, तो पाटाकडे. हिरा माझ्याकडे. कंपनीत माझी जीभ कात्रीसारखी चालते, आणि हितं दातखीळ. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. गुडघे धरून उठणार, खाली बसणार. नको वाटलं. सर पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी चिठ्ठी उचलून मँगोपुढे ठेवली. सर आले, पाटाकडे बघितलं, पुढचं वाक्य घेतलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

समासात लिहून ठेवते, खुर्चीचा खु. खु. १.

सोमवार, १० नोव्हेंबर

बाळूला फोन केला. म्हणाला, "ताई, सोड की. वय झालंय त्यांचं. झाकली मूठ सव्वा लाखाची." पटलं. की पटवून घेतलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

खु. २, खु. ३.

पहिली, लाल शेपटाचा कुत्रा मुलीने पाहिला. लाल शेपूट सरांनी मुलीला लावलं. दुसरी, 'नियरली'. शंभर मार्कांचा पेपर, जवळजवळ सगळे प्रश्न सोडवले म्हणायचं होतं, त्याचं झालं प्रश्न सोडवता सोडवता राहिले. मी आता ओळखते, माझं मलाच आश्चर्य वाटतं. दोन महिन्यांपूर्वी मॅनेजरला तडा देणारी बाई.

शेपटाच्या वेळी हिराने तोंड उघडलं होतं. मी तिच्या मांडीला चिमटा काढला. नियरलीची चिठ्ठी बाळूने सरकवली, सर चष्मा पुसत होते तेव्हा. आम्ही तिघं आता सराईत झालो.

स्टँडवर हिरा फुगलेली. म्हणाली, "ताई, हे बरं न्हाई. आमच्याकडं सांजला शेरडं कोंडताना आजा मोजतो. त्याचं चुकलं की आमी लगीच वरडतो, आज्या, एक ऱ्हायलं. त्याला राग येत न्हाई. गप बसलो तर राग येईल." मी म्हटलं, आजा घरचा आहे गं. ती म्हणाली, "आन् सर?" ST आली म्हणून सुटले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पुण्याच्या मॅडमचा फोन. माझे रिपोर्ट आता नीट कळतात म्हणे, पुन्हा फोन करून विचारावं लागत नाही. कुणाकडे शिकता? मी सरांचं नाव सांगितलं. आणि घाईने फोन ठेवला, ते का ते मला माहीत आहे.

ह्यांनी विचारलं नाही, आज कुणाला तडा. माझं तोंड बघून असेल.

रविवार, २३ नोव्हेंबर

खु. ४, ५, ६. तीन एका दिवसात.

आज सर प्रत्येक वेळी चिठ्ठी ठेवून थांबत होते. आमच्याकडे बघायचे. एकेकाच्या तोंडाकडे. मग विचारायचे, "बरोबर आहे ना?" आम्ही तिघं एका सुरात, हो सर. शाळेतल्यासारखं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हिरा हो म्हणाली नाही, मान खाली घातली. सर तिच्याकडे वळले. "हिरा, काही म्हणायचंय?" "न्हाई सर." तिचे कान लाल.

आज पत्रिका कापायला सरांना मदत केली. तुळशीची लग्नं झाली, नव्या पत्रिका यायला लागल्यात, जाड, चकचकीत, त्यावर पेन चालत नाही म्हणून सर कुरकुरतात. हात थरथरत नाहीत. अक्षर अजून छापल्यासारखं. मग हे काय होतंय?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

भात झोडून झालं. काकूंना द्यायला पायलीभर नवा तांदूळ बाजूला काढला. सासूबाई म्हणाल्या, मास्तर फी घेत नाहीत तर दोन पायल्या दे. दोन काढल्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

खु. ७, ८, ९.

नववी अशी. सरांनी आज हिराचं चप्पलचं वाक्य मांडलं. रनिंग फॉर द बस, माय चप्पल ब्रोक. आणि म्हणाले, "बघा, हे किती स्वच्छ वाक्य आहे." महिना झाला फक्त, ह्याच वाक्यावर सगळे पोट धरून हसलो होतो. सरही. आज कुणी हसलं नाही. बाळू चप्पल उचलून कुठं ठेवणार? तिथं सगळं वाक्यच बदलावं लागतं. चिठ्ठ्या तशाच राहिल्या.

तास संपल्यावर तांदूळ द्यायला आत गेले. काकू सूप घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आशा, पुढल्या रविवारी या, मग नका येऊ. ते बंद म्हनत्यात." मी म्हटलं, का, तब्येत? तर म्हणाल्या, "तब्येतीला काय धाड भरलीय. पोरांना काय येत न्हाई म्हनत्यात. दिवाळीची सुट्टी सपली की ते मुद्दाम चुका पेरत्यात. शाळंत असल्यापास्नं. पोरं पकडत्यात का बघायचं. औंदा यकानंबी पकडली न्हाई. रात्री म्हनले, म्या तीन मान्सं धड शिकवू शकलो न्हाई, आता खुर्चीवर बसायचा मला हक न्हाई."

ST मध्ये कोण काय बोललं आठवत नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सोमवार, १ डिसेंबर

कंपनीत लक्ष नव्हतं. वायसरांचा एक ट्रे दोनदा तपासला.

मुद्दाम. म्हणजे सर ठीक आहेत. सकाळी एवढं हलकं वाटलं. मग चप्पल आठवली. चप्पलचं वाक्य मांडताना सर आमच्याकडे बघत नव्हते. बाकीच्या वेळी बघायचे.

बाळू म्हणतो, गप राहू, क्लास बंद तर बंद, आपण दर रविवारी असंच भेटायला जाऊ, फळं घेऊन. फळं घेऊन. म्हणजे आजारी माणूसच केला त्यांना. त्याला फोनवर फाडफाड बोलले. मग वाईट वाटलं, चिमटा काढणारी मीच. चिठ्ठी पहिल्यांदा हलवली तीही मीच.

ह्यांना सगळं सांगितलं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हाताऱ्याला तुमीच म्हातारा ठरवलात. त्यानं काय तुमच्याकडं अर्ज केलाता?" मला जेवण गेलं नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

सांगायचं ठरवलं. मग नाही ठरवलं. सांगितलं तर सरांना कळणार की आम्ही दया केली. नाही सांगितलं तर सर मरेपर्यंत समजणार की आपल्याला शिकवता आलं नाही. दुसरं जास्त वाईट. मला तरी तसं वाटतं.

हिराचा मेसेज. 'ताई तुमी बोलनार नसाल तर मी बोलते.' तिला लिहिलं, चिमटा माझा होता, मीच बोलेन.

रविवार, ७ डिसेंबर

आता घरी. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

सरांनी पाट मांडलाच नव्हता. चिठ्ठ्यांचा डबा बंद. म्हणाले, "आज शेवटचं. तुमचा दोष नाही. दगडावर पाणी घातलं असं मी म्हणणार नाही, माळीच म्हातारा झाला." शांतपणे. पाठ केल्यासारखं.

मी म्हटलं, "सर, आम्हाला दिसत होत्या."

"काय?"

"चुका. तुमच्या. सगळ्या दिसल्या. आम्ही बोललो नाही."

सरांनी बाळूकडे बघितलं. बाळूने मान हलवली. सरांचा चेहरा, काय सांगू, पोराचा दहावीचा निकाल लागल्यावर बापाचा असतो तसा. पास झालात म्हणायचे तुम्ही, असं म्हणाले. मग रागावले. "मग बोलला का नाहीत? खुर्ची काय शोभेला ठेवलीय मी?" मी म्हटलं, तुम्हाला उठवायला जिवावर आलं. म्हणाले, "मी उठायला बसलोय, आशाताई. तुम्हाला कुणी सांगितलं माझे गुडघे सांभाळायला?" बरं वाटलं ते रागावलेले बघून. सगळं मिटलं असंच वाटलं मला.

मग त्यांनी विचारलं, "सगळ्या म्हणजे किती?"

मला काय ठाऊक. मी मोठ्या तोऱ्यात पिशवीतून ही वही काढली. "लिहून ठेवल्यात सर. नऊ."

सरांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"पाच," म्हणाले.

"नऊ आहेत सर."

"मी पाच केल्या."

आत काकूंच्या सुपाचा आवाज चालला होता तो थांबला. मला कळलं आणि वही मिटावीशी वाटली, पण सरांनी हात पुढे केला होता. दिली. जिथं खु. लिहिलंय तेवढं दाखवलं. सरांनी पेन्सिल मागितली आणि एकेकीवर खूण करत गेले. लाल शेपूट, माझी. ही माझी. ही पण. पाच खुणा झाल्या. चार उरल्या. ओन्ली, नियरली, तेवीस तारखेची एक, आणि चप्पल. त्या चार त्यांनी परत वाचल्या. चपलेपाशी बोट ठेवून म्हणाले, "हे वाक्य मी बरोबर म्हणालो?"

"हो सर."

"मी?"

हिरा रडायला लागली. मी पण. सर रडले नाहीत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून उठले, गुडघे वाजले, आणि म्हणाले, "बसा."

मी नाही म्हटलं. म्हणाले, "दया करायची ती झाली करून. नियम आहे." बसले. वेताची बैठक मध्ये खोल गेलीय, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. सर खाली बसायला लागले तेव्हा बाळू धावला, सरांनी त्याला हातानेच थांबवलं. हिराने नुसता खांदा पुढे केला, काही न बोलता. तो धरला. डोंगरातली पोर, तिला कळतं कसं धरायचं.

"आता त्या चार शिकवा. माझ्या पाच मला येतात."

शिकवल्या. ओन्ली, नियरली, तिसरी. सर पाटावर चिठ्ठ्या लावत होते, बरोबर लावल्या. चप्पलला अडले. धावणारा माणूसच वाक्यात नाही, हे मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, "हं. आय. मी पाहिजे. मीच नाही तिथं." आणि डब्यातून शोधून 'आय' ची चिठ्ठी काढून ठेवली. बरोबर ठेवली.

जाताना बाळूला खुर्ची उलटी करायला लावली. माझं नाव लिहिलं, पाचवं. मग थांबून त्याखाली हिरा आणि बाळू. म्हणाले, "तिघांनी मिळून चुका लपवल्या, तिघांनी मिळून खुर्ची घ्या."

क्लास बंद की चालू ते विचारायचं राहिलं. विचारायचा धीर झाला नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

काकूंचा फोन. "गुरवारी पुन्याला दाखवाय नेतोय. स्वताच म्हनले चला. चार वर्सं झाली म्या म्हनत हुते, तवा न्हाई ऐकलं." मग हळूच, "तुझ्या वहीतलं ते लिहून दे म्हनत्यात. डाक्टरला दावायला." चार वर्षं. म्हणजे काकूंनाही दिसत होतं. त्यांनी किती चिठ्ठ्या सरकवल्या असतील, कुणास ठाऊक.

चारही चुका तारखेसकट कागदावर उतरवून काढल्या. इंग्रजीत काढल्या, सरांना आवडेल म्हणून. दोनदा तपासल्या.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सर नि काकू पुण्याहून आले. डोक्याचा फोटो काढलाय, रक्त घेतलंय. पुढच्या आठवड्यात सांगतील. डॉक्टर आमचा कागद बघून म्हणाले, असं कुणी लिहून आणत नाही. सर म्हणाले म्हणे, माझे विद्यार्थी आहेत.

रविवारी या, असा निरोप.

रविवार, १४ डिसेंबर

क्लासमध्येच लिहितेय. सरांनी सांगितलं वही उघडी ठेवा, समोर, मला दिसेल अशी.

मी आले तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि सर सतरंजीवर हिराच्या शेजारी. काकू म्हणाल्या, सकाळधरनं हितंच बसल्यात. मला खुर्चीवर बसायला लावलंय. सवय नाही अजून, पाय लोंबतात.

सर म्हणाले, "आज मी दोन चुका करणार आहे. दोनच. तिसरी दिसली तर तिथल्या तिथं ओरडायचं. चिमटे बंद."

खु. १. हिरा ओरडली, अजून वाक्य पूर्ण व्हायच्या आत. सर म्हणाले, "माझी." खूण केली.

खु. २. बाळू. थोडा हळू बोलला. "मोठ्यांदा," सर म्हणाले. मग तो मोठ्याने बोलला. "माझी." खूण.

दोन झाल्या. अजून अर्धा तास आहे.

नवं वाक्य. म्हाताऱ्याने कालच्या बाजारात घेतलेली शेळी विकली. सरांनी सगळ्या चिठ्ठ्या लावल्यात, एक सोडून. 'यस्टरडे' हातात आहे. पत्रिकेची उलटी बाजू माझ्याकडे आहे, चि. सौ. कां. आणि पुढे नाव कापलं गेलंय. कालच्या बाजारात घेतली, विकली नव्हे. सरांनी चिठ्ठी 'विकली' पाशी नेली. थांबले. परत उचलली. हिरा पुढे सरकून बसलीय, बाळूही. काकू दारात उभ्या आहेत.

सर चिठ्ठी हातात धरून पाटाकडे बघतायत. आम्ही कुणी बोलत नाही. त्यांनी ती अजून ठेवलेली नाही.